मोशे रब्बेनू आणि हिशेबाची वही : एका मराठी ऑनलाइन वर्गाबद्दल

रविवारी संध्याकाळी झूमवर भरणाऱ्या एका मराठी अभ्यासवर्गाबद्दल हे लिहिते आहे. विषय एकच : मोशे रब्बेनू, म्हणजे इस्राएल लोकांना मिसरमधून (इजिप्तमधून) बाहेर काढणारा मोशे, पुढारी म्हणून कसा होता. शिकवणारे सर मूळचे पेणकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या कोकणी ज्यू, घराण्यातले. आता इस्राएलमध्ये लोदला राहतात. तिथल्या शाळेत नोकरी करून निवृत्त झाले आहेत. त्यांनी स्वतःच्या नावाची जाहिरात कुठेच केलेली नाही, त्यामुळे मीही नाव देत नाही. ज्यांना वर्गात यायचं असेल त्यांना ओळखीतून पत्ता लागतोच, आमचा समाज तेवढा लहान आहे.

मी ठाण्यात एका माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. नेतृत्वाच्या कार्यशाळा आम्हाला दर वर्षी असतात. तिथे पडद्यावर चौकोन आणि बाण येतात, चांगल्या पुढाऱ्याचे गुण वाचून दाखवले जातात आणि चहा होतो. या वर्गात गुणांची यादी नाही. तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचा, एक तुकडा घ्यायचा, हिब्रूत वाचायचा, मग मराठीत, मग त्यावर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, शतकानुशतकं काय वाद घातले ते बघायचं. दीड तासात कधीकधी सात-आठ वचनंच होतात. मला वर्ग आवडला तो या सावकाशपणामुळे.

घरात मोशेपेक्षा एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया संदेष्टा, आम्हाला जवळचा. भिंतीवर अग्निरथातल्या एलियाहूचं चित्र असतं, नवस फेडायचा तर त्याच्या नावाने मलिदा करतात. पोहे भिजवायचे, गूळ आणि ओलं खोबरं घालायचं, भोवती फळं मांडायची. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याचा टापा, म्हणजे खडकावरची खूण, आहे, तिथेही लोक जातात. मोशे मात्र सिनेगॉगमध्ये वाचला जाणारा, थोडा लांबचा. आजी मात्र मोशेचं कीर्तन ऐकून मोठी झाली होती, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आमच्या लोकांनी मराठी कीर्तनाच्या चालीवर तोरातली आख्यानं रचली होती. त्या कीर्तनातला मोशे समुद्र दुभंगणारा. या वर्गात भेटला तो वेगळा, हिशेब देणारा आणि सासऱ्याचं ऐकणारा.

सगळ्यात चांगला पाठ हिशेबाचा. निर्गम या तोराच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी, अडतिसाव्या अध्यायात, निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या तंबूसाठी, किती सोनं, किती चांदी, किती पितळ लागलं याची यादी आहे. लहानपणी शब्बाथला, शनिवारी, हा भाग आला की मला झोप यायची. सरांनी सांगितलं, आज ही यादी बँकेच्या पासबुकासारखी वाचायची. किक्कार आणि शेकेल ही जुनी वजनं. सोनं 29 किक्कार आणि 730 शेकेल. चांदी 100 किक्कार आणि 1,775 शेकेल. ही चांदी कुठून आली? वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाकडून अर्धा शेकेल. श्रीमंताने जास्त द्यायचं नाही, गरिबाने कमी द्यायचं नाही. पुरुष मोजले ते 6,03,550. त्यांचे अर्धे अर्धे शेकेल मिळून 3,01,775 होतात. एका किक्कारात तीन हजार शेकेल. म्हणजे शंभर किक्कारांचे तीन लाख, वर उरले 1,775. वर्गातल्या सगळ्यांनी कागदावर गणित केलं आणि बरोबर आलं. पुण्याहून येणारे एक निवृत्त पोस्टमास्तर तेव्हा इतके खूश झाले की त्यांनी ती बेरीज कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली.

यावर मिद्राश, म्हणजे रब्बींनी सांगितलेली कथा, आहे. लोक मोशेच्या पाठीमागे कुजबुजत होते : याची मान बघा कशी भरली आहे, आपलंच खातो, आपलंच पितो; ज्याच्या हातात एवढं सोनंचांदी, तो श्रीमंत नाही होणार तर कोण होणार? मोशेने ते ऐकलं आणि ठरवलं, काम पुरं झालं की पै-पैचा हिशेब देईन. द्यायला बसला. शंभर किक्कारांच्या मंडपाखालच्या शंभर बैठका ओतल्या होत्या, तो हिशेब लागला. उरलेले 1,775 शेकेल कुठे गेले ते त्याला आठवेना. तो घाबरला. आता हे म्हणणार, मोशेने खाल्ले. मग देवाने त्याचे डोळे उघडले आणि त्याला दिसलं, त्या चांदीच्या खांबांवरच्या आकड्या केल्या होत्या. इतक्या लहान वस्तू की नजरेतून सुटल्या.

हे ऐकताना मला जे वाटलं ते कुठल्याही कार्यशाळेत कधी वाटलं नव्हतं. ज्याच्याशी देव समोरासमोर बोलतो, त्याला कोणी हिशेब मागितलेला नाही. तरी तो देतो, आणि देताना घाबरतो. त्या घाबरण्यावर सर बराच वेळ थांबले. ते म्हणाले, ज्याला हिशेब देताना भीती वाटत नाही त्याच्याकडे वर्गणीची पेटी देऊ नका. शिवाय हिशेब मोशेने एकट्याने लिहिलेला नाही. मोशेचा भाऊ अहरोन, त्याचा मुलगा इथामार त्या हिशेबावर नेमलेला होता. पुढे रब्बींनी नियमच केला की लोकांच्या पैशावर दोनांपेक्षा कमी माणसं नेमू नयेत. आमच्या सिनेगॉगच्या चेकवर दोन सह्या का लागतात याचा उगम मला तेव्हा दिसला. त्यानंतरच्या स्नेहसंमेलनाचा जमाखर्च मी शिक्षककक्षाच्या फळ्यावर लावला, मांडवाच्या दोरीपर्यंतचा. कोणी मागितला नव्हता.

दुसरा जोरदार पाठ यिथ्रोचा. मोशेचा सासरा, मिद्यानी, इस्राएल नव्हेच. तो भेटायला येतो आणि बघतो, जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसला आहे आणि लोक रांगेत उभे आहेत. तो म्हणतो, तू करतोस हे बरं नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील. आपण नेहमी मोशेच्या थकण्याबद्दल बोलतो. यिथ्रोला रांगेतल्या लोकांचं थकणंही दिसलं. मग तो सुचवतो : हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम; देवाला भिणारी, खरी, लाच न खाणारी. सहा लाख पुरुषांमागे हा हिशेब धरला तर 78,600 न्यायाधीश होतात, तोही आकडा तलमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, आहे. म्हणजे जो एकटा बसला होता त्याने आपलं आसन 78,600 जणांत वाटून दिलं. आणि सल्ला देणारा परका, परदेशी, दुसऱ्या दैवताचा पुरोहित. मोशेने त्याचं सगळं ऐकलं, असं तोरा सरळ सांगते. ज्या साप्ताहिक पाठात दहा आज्ञा येतात त्या पाठाचं नावच यिथ्रो आहे. सिनाय पर्वताच्या आधी सासऱ्याचा सल्ला.

इथे कोल्हापूरकडच्या एका गावच्या सरपंचबाई बोलल्या. त्या ज्यू नाहीत, मैत्रिणीबरोबर वर्गाला येतात. त्यांनी विचारलं, पण अनुवाद या तोराच्या पाचव्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशे हीच गोष्ट पुन्हा सांगतो तेव्हा यिथ्रोचं नाव का नाही? तिथे तर तो म्हणतो, मी तुम्हाला म्हणालो की मला एकट्याने तुमचा भार वाहवत नाही. सगळे गप्प झाले. त्यांनी घरून वाचून आणलं होतं. सरांनी सारवासारव केली नाही. म्हणाले, दोन्ही अध्याय समोरासमोर ठेवा, तोराने दोन्ही ठेवले आहेत. मग एका वचनाकडे त्यांनी बोट दाखवलं, गणना या चौथ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातलं. तिथे मोशे देवाला म्हणतो, मला हे लोक एकट्याने झेपत नाहीत, असंच करणार असशील तर मला मारून टाक. म्हणजे इतके न्यायाधीश नेमूनही तो पुन्हा त्याच जागी आला होता. आम्ही त्या संध्याकाळी कुठल्याच निष्कर्षाला पोहोचलो नाही. मला ते फार आवडलं. माझ्या शाळेतही काम वाटून दिलं की वर्षभरात पुन्हा माझ्याच टेबलावर येतं.

त्याच अकराव्या अध्यायात सत्तर वडीलधारे निवडले जातात आणि एलदाद व मेदाद हे दोघे तंबूकडे न जाता छावणीतच राहून संदेश सांगू लागतात. एक तरुण धावत येऊन ते मोशेला सांगतो, आणि मोशेचा सेवक यहोशवा म्हणतो : महाराज, त्यांना थांबवा. मोशे विचारतो, तुला माझ्यासाठी हेवा वाटतो का? देवाचे सगळे लोक संदेष्टे झाले असते तर किती बरं झालं असतं. या पाठावर सरांनी फार वेळ दिला नाही, आणि देण्याची गरजही नव्हती. मी ते वचन मराठीत लिहून काचेखाली ठेवलं आहे. उपमुख्याध्यापिकेची कोणी तक्रार घेऊन आलं की ते दिसतं.

मिर्यामचा पाठ मात्र घाईत उरकला, आणि ही माझी खरी तक्रार आहे. गणनाच्या बाराव्या अध्यायात मोशेची बहीण मिर्याम आणि अहरोन मोशेच्या कूशी, म्हणजे कूश देशातल्या, बायकोवरून बोलतात आणि पुढे म्हणतात, देव काय फक्त मोशेशीच बोलला? मोशे पृथ्वीच्या पाठीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र होता हे प्रसिद्ध वचन नेमकं इथे येतं, त्याच्यावर टीका होत असताना. तो उत्तर देत नाही. मिर्यामला कोड फुटतं तेव्हा तिच्यासाठी हिब्रूतल्या पाच शब्दांची प्रार्थना करतो, एवढंच. सरांनी मोशेच्या गप्प राहण्यावर सुंदर बोलून घेतलं, पण मिर्यामचं काय? जिने तान्ह्या मोशेला लव्हाळ्यात ठेवल्यावर लांबून राखलं, समुद्राकाठी डफ घेऊन बायकांना नाचवलं, ती सात दिवस छावणीबाहेर राहते आणि ती परत येईपर्यंत अख्खी छावणी हलत नाही. सहा लाखांवर लोक एका बाईसाठी थांबले! यावर अर्धा तास तरी हवा होता. वर्गात निम्म्याहून अधिक बायका आहेत. मी हे सरांना पत्रातही कळवलं आहे.

कोरहचा पाठ मला कच्चा वाटला. कोरह 250 प्रतिष्ठित माणसं घेऊन येतो आणि म्हणतो, सगळीच मंडळी पवित्र आहे, तुम्ही स्वतःला वर का चढवता? वाक्य ऐकायला एलदाद-मेदादच्या वेळच्या मोशेच्याच वाक्यासारखं आहे. मग एकाला शाबासकी आणि दुसऱ्याखाली जमीन का फाटते? सरांनी पिर्के आवोत या रब्बींच्या वचनसंग्रहातला भेद सांगितला, देवासाठी केलेला वाद आणि स्वतःसाठी केलेला वाद. तो बरोबर आहे, पण वाद घालणाऱ्याच्या पोटात काय आहे ते समोरच्याने ओळखायचं कसं? मुख्याध्यापकाला विरोध करणारा प्रत्येक शिक्षक कोरह ठरवणं फार सोपं आहे. यावर चर्चा व्हायला हवी होती, ती वेळेअभावी राहिली. एक गोष्ट मात्र पक्की मिळाली : कोरहचे साथीदार दाथान आणि अबीराम बोलावूनही आले नाहीत, तेव्हा मोशे स्वतः उठून त्यांच्याकडे गेला. भांडण धरून बसू नये हे तलमूद या उठण्यावरून शिकवतं.

मरीबाच्या पाण्याचा पाठ या सत्राचा कळस. गणनाचा विसावा अध्याय. पहिल्याच वचनात मिर्याम मरते. लगेच पुढच्या वचनात पाणी नाही आणि लोक भांडायला आले आहेत. बहिणीचं सुतक आणि दारात जमाव. देव सांगतो, खडकाशी बोल. मोशे लोकांना बंडखोर म्हणतो आणि काठीने खडकाला दोनदा मारतो. पाणी धोधो येतं, पण मोशेला वचनदत्त देशात पाय ठेवता येणार नाही असं ठरतं. इतक्या वर्षांच्या चाकरीनंतर एवढ्यासाठी? राशी, म्हणजे अकराव्या शतकातले फ्रान्सचे भाष्यकार, म्हणतात, बोलायचं होतं तिथे मारलं. रांबाम, बाराव्या शतकातले पंडित, मिसरमध्ये राहिलेले, म्हणतात, चूक रागाची. ती मांडणी मला विसरता येत नाही. ते म्हणतात, लोक मोशेची प्रत्येक हालचाल बघून शिकत होते. तो रागावला तेव्हा त्यांना वाटलं, देवच आपल्यावर रागावला आहे. पण त्या प्रसंगात देव लोकांवर रागावल्याचं तोरामध्ये कुठेच नाही. तहानलेल्यांनी पाणी मागितलं आणि देवाने पाणी दे एवढंच सांगितलं. राग मोशेचा होता आणि तो देवाच्या नावावर गेला.

शाळेत प्रार्थनेच्या वेळी मी माईकवर आवाज चढवते तेव्हा पाचवीतल्या मुलाला तो एका बाईचा आवाज वाटत नाही, शाळेचा वाटतो. रांबामनी हे आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे आणि मुख्याध्यापकांच्या एकाही प्रशिक्षणात मला ते कोणी सांगितलं नाही. सरांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट केली. मिर्यामच्या मृत्यूच्या वचनानंतर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग म्हणाले, मोशेला रडायला कोणी वेळ दिला नाही, हेही लिहून घ्या.

उत्तराधिकाराचा पाठ सलाफहादाच्या पाच मुलींपासून सुरू होतो, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का पुसायचं, आम्हाला वाटा द्या, असं त्या सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून म्हणतात. मोशेला उत्तर माहीत नाही आणि तो तसं लपवत नाही. प्रश्न देवापुढे नेतो. उत्तर येतं, मुलींचं म्हणणं बरोबर आहे. त्याच अध्यायात त्याला सांगितलं जातं की तुझी वेळ आली. तो स्वतःसाठी काही मागत नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे हे लोक होऊ नयेत, कोणीतरी नेम, एवढंच म्हणतो. गेर्शोम आणि एलियेजर ही त्याची स्वतःची मुलं गादीवर येत नाहीत. यहोशवावर हात ठेव असं देव सांगतो, तर मोशे दोन्ही हात ठेवतो. राशींच्या नजरेतून ते सुटलं नाही. सांगितलं होतं त्याहून जास्त दिलं, भरभरून दिलं.

आणि तलमूदमधली ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा वर्ग पुन्हा करीन. मोशेला शतकानुशतकं पुढचे रब्बी अकीवा दाखवले जातात. तो त्यांच्या वर्गात जाऊन आठव्या ओळीच्या मागे बसतो आणि त्याला काही कळत नाही. ज्याने तोरा आणली त्यालाच तोराचा तास समजेना. त्याचं बळ जातं. मग एक विद्यार्थी विचारतो, गुरुजी, हे तुम्हाला कुठून कळलं? अकीवा म्हणतात, ही सिनायवर मोशेला दिलेली परंपरा आहे. तेव्हा मोशेच्या जिवात जीव येतो. गोष्ट ऐकून आमच्या वर्गातल्या एक आजी, डिमोनाहून येणाऱ्या, स्वतःशीच म्हणाल्या, नातवंडांचं हिब्रू मला असंच ऐकू येतं.

पेसाहच्या, म्हणजे मिसरमधून सुटल्याच्या सणाच्या, रात्री आम्ही जी हगादा ही पोथी वाचतो (मराठी भाषांतरासह ती पुण्यात 1874 साली छापली गेली, आमच्या घरात तिची झेरॉक्स आहे), तिच्यात मिसरमधून सुटण्याची सगळी कथा आहे आणि मोशे जवळजवळ नाही. लहानपणापासून वाचूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, सरांनी दाखवलं. त्याची कबरही कोणाला ठाऊक नाही. नबो पर्वतावरून देश बघितला आणि 120 व्या वर्षी गेला. यात्रेला जायला जागाच ठेवली नाही.

आता व्यवहाराचं. एका सत्राची फी 1,500 रुपये, विद्यार्थ्यांना माफ. टिपणं पीडीएफमध्ये येतात : वर हिब्रू, मग मराठी, खाली भाष्य. भाष्याचा टाइप फार बारीक आहे, माझ्यासारख्या चष्मेवाल्यांनी छापून घेण्यापूर्वी मोठा करून घ्यावा. मराठी भाषांतर जुन्या वळणाचं आहे, ते मला गोड वाटतं, तरुण मुलांना अडतं. हिब्रू येत नसलं तरी काही अडत नाही. वर्ग इस्राएलच्या घड्याळाप्रमाणे पाचला भरतो, त्यामुळे उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजतात. तिकडे घड्याळं बदलली की त्या आठवड्यात वेळ विचारून घ्या. प्रश्नोत्तरांत दोन-तीनच माणसं बोलत राहतात, सरांनी तिथे थोडं कडक व्हायला हवं. रेव्दंडा-अलिबागकडच्या लोकांची लाइन अनेकदा तुटते, त्यांना रेकॉर्डिंग मिळतं, मागावं लागतं एवढंच.

पुढचं सत्र शमुवेल संदेष्ट्यावर आहे, जो म्हातारपणी सगळ्या लोकांसमोर उभा राहून विचारतो की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, सांगा. ते सुक्कोथचे सण आटोपल्यावर सुरू होईल. फी मी भरली आहे, आणि आमच्या दोन शिक्षिकांचीही नावं दिली आहेत.